आईला दोन दिवस द्यायचे, तर कुठले द्यावेत?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. आई ६६ वर्षांची, अमळनेर तालुक्यातल्या गावी थोरल्या भावाकडे राहते. वडील चार वर्षांपूर्वी गेले. तुम्ही पुण्याला, धाकटा भाऊ सुरतेला. साड्या, पाटल्या, मिक्सर, मोबाइल सगळं देऊन झालं आणि त्यातलं बरंचसं कपाटात पडून आहे. म्हणून यंदा वस्तू न देता सगळ्यांनी मिळून तिच्यासोबत काहीतरी करायचं, असं तिघा भावंडांनी ठरवलंय. मे महिन्यातला मातृदिन डोळ्यासमोर आहे. केरळ, लोणावळ्याचं रिसॉर्ट की काशी, इथे गाडी अडली आहे. आईचे गुडघे दुखतात, रक्तदाबाची गोळी चालू आहे, आणि तिला विचारलं की ती म्हणते, "माले काहीच नको, कसाले खर्च करतस?"

जळगावहून कुटुंबांच्या सहली, देवदर्शनं आणि घरचे कार्यक्रम आखून देण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे. त्या अनुभवावरून सरळच सांगते. या तिन्हींपैकी एकही पहिल्यांदा नको. आईला तिच्या माहेरी, तिच्या बहिणींबरोबर दोन दिवस न्या आणि त्या दोन दिवसांत तिला कामाला हात लावू देऊ नका. काशी पुढच्या हिवाळ्यात करा. रिसॉर्टचा विचार मात्र सोडूनच द्या.

असं का म्हणते, ते ऐका. आपल्याकडच्या या वयाच्या बाया आयुष्यभर कार्यक्रमांना गेल्या त्या राबायला गेल्या. लग्न असो, बारसं असो, कोणी गेल्यानंतरची गंधमुक्ती असो, आई पोहोचली की पदर खोचून चुलीकडे. मला पुष्कळ जण म्हणतात, "कानबाईला सगळी भाऊबंदकी एकत्र येते, आईला तेव्हा किती आनंद होतो, मग वेगळं काय करायचं?" श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आपल्या खान्देशातली ही कानबाई देवी बसते, रोट होतात, घर माणसांनी भरतं, हे सगळं खरं. आईला त्याचा मनापासून आनंद होतो हेही खरं. पण तिच्या बाजूने ते दिवस कसे जातात पाहा. दळण, पुरण, सोवळं-ओवळं, पाहुण्यांची अंथरुणं, सोमवारी विसर्जन झालं की भांड्यांचा ढीग. कानबाई व्हायलाच हवी, पण ते तिचं कर्तव्य आहे. ते तिला भेट म्हणून मोजू नका.

रिसॉर्टमध्ये उलटं होतं. तिथे काम नसतं, पण तिचं असंही काही नसतं. मुलं पोहण्याच्या तलावात, मोठे फोनवर, आणि आई बॅगांजवळ बसलेली. एसीत तिला थंडी वाजते, टेबलावरच्या चाळीस पदार्थांत ती वरण-पोळी शोधते. परत आल्यावर "छान होतं रे" म्हणते, कारण पोरांनी पैसे खर्चलेले असतात. हे मी इतक्या घरांत पाहिलंय, की साठीपुढच्या आईसाठी कोणी रिसॉर्ट मागितलं तर मी आधी तासभर बोलून घेते.

आता आईच्या मनातलं कसं ओळखायचं. "तुला काय हवं?" या प्रश्नाला "काही नको" हेच उत्तर येणार. तिला तशीच सवय आहे. त्यापेक्षा लहान लहान प्रश्न विचारा, तेही एका दमात नको. अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आपल्या आखाजीला, तुमच्याकडे झोका कोणाच्या दारातल्या निंबाला बांधायचे? गौराईची गाणी कोण सांगायचं? लग्नाआधी जत्रेला कुठे गेली होतीस? अजिंठा पाहिलाय का गं कधी? जळगावहून अजिंठा साठेक किलोमीटर, पण जिल्ह्यात चाळीस वर्षं संसार केलेल्या कितीतरी बायांनी तो पाहिलेला नाही. पोरांच्या शाळेच्या सहलीसाठी यांनी पहाटे उठून दशम्या बांधून दिल्या, तेवढाच यांचा अजिंठा. नवस राहिलाय का, हेही विचारा. तुमच्या दहावीच्या वेळी किंवा भावाच्या आजारपणात बोललेला आणि कोणी गाडी काढली नाही म्हणून राहून गेलेला नवस बऱ्याच आयांच्या मनात असतो. आणि सगळ्यात खात्रीची माहिती मावशीकडे मिळेल. आई तुमच्याजवळ जे बोलत नाही ते बहिणीजवळ बोलते.

तुम्ही लिहिलंय की आईची दोन वाक्यं झाली की तिसऱ्यात माहेरचं गाव येतं. एक मावशी नंदुरबारला, एक शिरपूरकडे, मामा गावातच, आणि तिघी बहिणी निवांत अशा एकत्र वडिलांच्या दहाव्यालाच बसल्या होत्या. मला यातच तुमचं उत्तर दिसलं.

खान्देशात माहेर म्हटलं की आखाजी. सासुरवाशिणीला आणायला भाऊ नाहीतर भाचा मुराळी म्हणून यायचा, बैलगाडी जुंपून. मग गौराई, झोके, गाणी, पुरणपोळी, आंब्याचा रस, सांजोऱ्या. शेतातही सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचं, साल याच दिवशी संपायचं आणि नवं धरायचं, त्यामुळे घरातली पुरुषमंडळीही जरा सैल असायची. वर्षभराच्या कष्टात तेवढेच चार दिवस बाईला कोणी "ऊठ" म्हणत नसे. आईबाप गेले, भाऊ थकले, भाचे शहरात गेले, की मुराळी येणं बंद होतं. बाई तक्रार करत नाही, पण आखाजीच्या दिवशी तिचं लक्ष दाराकडे असतं.

म्हणून मुराळी पाठवा. मामांचा मुलगा असेल तर त्याला सांगा, "आत्याला घ्यायला तू ये." तुम्ही गाडीत घालून नेणं आणि माहेरचं माणूस न्यायला येणं यात आईच्या लेखी फार अंतर आहे. याला पैसा लागत नाही, फक्त आधी बोलून ठेवावं लागतं.

तारखेचं नीट समजून घ्या. मातृदिन मेच्या दुसऱ्या रविवारी येतो आणि आखाजी एप्रिलच्या उत्तरार्धात किंवा मेच्या पहिल्या पंधरवड्यात. २०२४ मध्ये दोन्ही एकाच आठवड्यात आले होते, १० आणि १२ मेला. पण ऐन आखाजीच्या सकाळी आईला हलवू नका. त्या दिवशी पितरांची घागर भरतात, त्यावर डांगर म्हणजे खरबूज ठेवतात, पुरणाचा नैवेद्य होतो. तुमच्या वडिलांच्या नावाची घागर थोरल्या भावाच्या घरी भरली जाणार आणि आईला तिथे असावंसं वाटणार. ते झाल्यावर दुसऱ्या दिवशी किंवा त्या आठवड्यात कधीही मुराळी आला तरी चालतं.

वडील गेल्यानंतर तुम्ही सगळे मिळून आईला प्रथमच कुठे नेताय, हेही लक्षात असू द्या. "ते नाहीत आणि मी कुठं हिंडू, लोक काय म्हणतील" असं ती म्हणण्याची शक्यता बरीच आहे. तेव्हा वाद घालू नका, "जग बदललंय" वगैरे समजावू नका. निमंत्रण मावशीकडून येऊ द्या. बहिणीने "तू आली नाही तर मीही जात नाही" म्हटलं की ती निघते. माहेरची वाट निवडण्यामागे माझं हेही एक कारण आहे. केरळला जाणं तिला मौज वाटेल आणि मौजेची तिला लाज वाटेल. भावाच्या दारी जायला तिला कोणाला कारण सांगावं लागत नाही. गौराईच्या गाण्यांत बसायला तिला संकोच वाटतोय का, हे मात्र मावशीने तिला एकटीला गाठून विचारावं. काही घरांत विधवा बाईला अजूनही अशा वेळी बाजूला बसवतात. मामांच्या घरी तसं होणार असेल तर तुम्ही भाचरांनी आधीच मामांशी बोलून ते मोडून काढा. तिला तिथे नेऊन कोपऱ्यात बसवण्यापेक्षा न नेलेलं बरं.

मामींवर भार पडता कामा नये. पंधरा-वीस माणसं दोन दिवस येणार म्हटल्यावर आईच्या सुटीची किंमत मामी मोजणार असेल, तर आई पहिल्या तासाभरात उठून स्वयंपाकघरात जाईल. स्वयंपाकाला गावातलीच बाई किंवा आचारी सांगा आणि पैसे तुम्ही तिघे द्या. खापरावरची पुरणपोळी करणाऱ्या हाताच्या बाया अजून बऱ्याच गावांत आहेत, पण आखाजीच्या सुमारास त्यांना आठवडाभर आधी सांगावं लागतं. दुसऱ्या दिवशी शेवभाजी-भाकरी किंवा बट्टी-वरण पुरे. आईला एखादी गोष्ट हाताने करायचीच असते, तशी ती करू द्या. एका घरातल्या आजींनी सगळ्यांना बसवून स्वतः फक्त रस काढला, बाकी कशाला हात लावला नाही, आणि त्या रसाचं कौतुक त्या दोन दिवस ऐकत राहिल्या. हौसेचं एक काम आणि गळ्यात पडलेली दहा कामं यातला फरक तुम्हाला तिच्या चेहऱ्यावर दिसेल.

गुडघ्यांसाठी दोन गोष्टी सोबत न्या. एक, कमोडची घडीची खुर्ची. गावच्या घरात भारतीय पद्धतीचं संडास असतं आणि त्या भीतीने बाया जेवण-पाणी कमी करतात. दोन, टेकायला पाठ असलेल्या खुर्च्या, बहिणी तीन तर खुर्च्याही तीन, म्हणजे कोणी एकटी उंचावर बसली असं होत नाही. रात्री धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, झोपायची सगळ्यांना हौस असते, पण जिना चढायचा असेल तर आईची बाज अंगणातच टाका आणि मावश्यांच्या तिच्या शेजारी. खरी बोलणी रात्री दहानंतर सुरू होतात. तिथे तुम्ही असलंच पाहिजे असं नाही.

उन्हाचं मी कळकळीने सांगते. मेमध्ये आपल्याकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो. सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच घराबाहेर काही ठेवू नका. गावदेवीचं दर्शन, शाळा, विहीर, जुन्या मैत्रिणीचं घर हे सकाळी नऊच्या आत किंवा दिवस कलल्यावर. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते, आणि प्रवासात बाया मुद्दाम पाणी पीत नाहीत, कारण वाटेत जायची सोय नसते. उन्हाळ्यात हे दोन्ही एकत्र आलं की चक्कर येते. निघायच्या आधी डॉक्टरांना गोळीची वेळ विचारून घ्या. वाटेत दर दीड तासाने कुठे थांबायचं, तिथलं स्वच्छतागृह कसं आहे, हे आदल्या दिवशी फोनवर ठरवा. आईने "मला लागली नाही" म्हटलं तरी थांबा.

कार्यक्रमपत्रिका करू नका. तुमच्या पिढीला मोकळी दुपार म्हणजे वाया गेलेली वाटते. पण तिघी बहिणी निंबाच्या सावलीत पडून कोण कुठे दिली, कोणाची सून कशी, हे बोलत राहतील, आणि याचसाठी तर आपण चाललोय. संध्याकाळी झोका बांधा. दोर नवा घ्या, फांदी आधी दोन तरण्या माणसांनी लोंबकळून पाहावी, पाट खाली ठेवावा म्हणजे पाय जमिनीला टेकतात. गाणी सुरू झाली तर सुरू होऊ द्या, "आता म्हण ना" असा आग्रह नको. आवाज रेकॉर्ड करायचा तर एकाच नातवाकडे फोन द्या आणि आईला विचारून करा. सगळ्यांनी फोन वर धरले की बाया गाणं थांबवून पदर सावरायला लागतात. अहिराणीतली ही गाणी बहुतेक घरांत तोंडीच राहिली आहेत, तेव्हा एका फोनचं रेकॉर्डिंग नीट जपून ठेवा.

मावश्यांना आणण्याचा खर्च तुमच्या हिशेबात धरा, हाच या भेटीतला मोठा खर्च समजा. गाडी पाठवली तर उत्तम. मावशीला एसटीनेच यायचं असेल तर मार्च २०२३ पासून बायांना अर्धं तिकीट आहे आणि ७५ वर्षांवरच्यांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत आहे. वयाचा पुरावा, आधार कार्ड, जवळ ठेवायला सांगा. पण एवढ्या उन्हात दुपारच्या एसटीत बसवू नका.

आखाजीला जमलंच नाही, तर मेमध्ये ओढून-ताणून काही करू नका. थंडीपर्यंत थांबा आणि शेतात भरिताचा बेत करा. नोव्हेंबरपासून पुढे आपल्याकडची मोठी, कमी बियांची, हिरवट-पांढरी भरिताची वांगी येतात. कपाशीच्या काड्यांच्या आरावर ती भाजायची, सोलून लाकडी बडगीत हिरवी मिरची-लसणासोबत ठेचायची, वरून तेलात परतलेले शेंगदाणे, कांद्याची पात, कोथिंबीर. सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी किंवा पुऱ्या. दहा माणसांना तीन किलो वांगी धरा. भाजणं-ठेचणं हे आपल्याकडे तसंही शेतात पुरुष करतात, त्यामुळे आईला बाजेवर बसवून ठेवणं या बेतात फार सोपं जातं. ती तिथून "अजून भाजू द्या, कच्चं आहे" सांगत राहील, सांगू द्या. शेत तिच्या वडिलांचं असेल तर आणखी काय हवं. सकाळी दहाला जा, चारला परत निघा, थंडीत अंधार लवकर पडतो.

नवस राहिलेला निघाला तर तो या सगळ्याच्या आधी. वणीच्या सप्तशृंगीचा असेल तर गुडघ्यांची काळजी नको. पूर्वी पाचशेच्या आसपास पायऱ्या होत्या म्हणून कितीतरी आया गडाच्या पायथ्याशीच हात जोडून परतायच्या. २०१८ पासून रुळांवरची ट्रॉली वर नेते. फक्त चैत्र पौर्णिमा आणि नवरात्र टाळा. चैत्रात आपल्याकडून हजारो माणसं पायी गडावर जातात, त्या गर्दीत आईला दर्शनाआधीच थकवा येईल. धुळ्याची एकवीरा, एरंडोलजवळचं पद्मालय, मुक्ताईनगरची मुक्ताई हे एका दिवसात सहज होणारे प्रवास आहेत. एका दिवशी एकच देव करा. "आलोच आहोत तर" म्हणत तीन ठिकाणं जोडली की आई तिसऱ्या ठिकाणी गाडीतच बसून राहते.

काशीबद्दल. आईच्या तोंडून काशीचं नाव आलं असेल तर ती हवीच आहे असं धरा, पण नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. भुसावळहून महानगरी आणि कामायनी थेट वाराणसीला जातात. आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. खालच्या बर्थचं एक गणित बहुतेकांना माहीत नसतं. ४५ वर्षांवरच्या बाईला खालच्या बर्थचा कोटा मिळतो, पण तिकिटावर ती एकटी किंवा तशीच दुसरी एक व्यक्ती असेल तरच. सगळ्या घराच्या तिकिटात तिचं नाव घातलं की तो हक्क जातो. आई आणि मावशीचं तिकीट वेगळं काढा, बाकीच्यांचं वेगळं, आणि डबा एकच पडेल असं पाहा. तिथे पोहोचल्यावर पहिला दिवस पूर्ण विश्रांतीचा ठेवा.

अचानक धक्का देण्याचा बेत कृपा करून करू नका. आठ दिवस आधी सांगा. तिला गोळ्या भरायच्या असतात, भाचेसुनेसाठी खण काढायचा असतो, तुळशीला पाणी कोण घालणार ते ठरवायचं असतं, बहिणीला आवडतं म्हणून लोणच्याची बरणी बांधायची असते. ही आठ दिवसांची तयारी तिला प्रवासाइतकीच गोड लागते. ती तिच्याकडून काढून घेऊ नका. खर्चाचं तिला एवढंच सांगा की तिघांनी मिळून केलंय, कोणावर बोजा नाही. आकडा सांगाल तर ती प्रत्येक पुरणपोळीचा भाव काढेल.

पैशांची वाटणी तुम्ही आणि सुरतेचा भाऊ जास्त उचला. थोरल्याकडे आई बारा महिने आहे. त्याचा वाटा रोज जातोच आहे.

आणि तुमच्या प्रश्नात ज्यांचा उल्लेख आलाच नाही, त्या थोरल्या वहिनी. आईची गोळी, आंघोळीचं पाणी, जेवणाची वेळ त्या सांभाळतात. त्यांनाही माहेर आहे आणि आखाजी त्यांचीही आहे. आईच्या दोन दिवसांसाठी वहिनींचे दोन दिवस खर्ची पडले, तर आईला ते लगेच कळेल आणि तिचं लक्ष तिकडेच राहील. तेव्हा पहिला फोन मामांना करू नका, वहिनींना करा. त्या माहेरी कधी जाणार आहेत ते विचारा, ते दिवस आधी पक्के करा, त्यांच्या गाडीची सोय करा. पुण्याहून तुम्ही दोन दिवस आधी या, घागरीच्या नैवेद्याचा स्वयंपाक तुम्ही सांभाळा. मग मामांशी बोला, मावश्यांच्या तारखा जुळवा, मुराळी ठरवा. आचाऱ्याला आणि खापराच्या बाईला शेवटी सांगितलं तरी चालतं, फक्त आठवडा राखून.